नाईट ड्युटीच्या आठवड्यात वचन आणि प्रार्थना कशी सांभाळता?

नर्स_पुणे

सगळ्यांना सलाम. मी पुण्यात एका हॉस्पिटलला आयसीयूत स्टाफ नर्स आहे. शिफ्ट फिरती, एक आठवडा मॉर्निंग, एक आठवडा इव्हिनिंग, मग नाईट. घरी मिस्टर, मुलगा आठवीत, मुलगी चौथीत आणि सासूबाई. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, तिथं रात्री जेवणं उरकली की कौटुंबिक प्रार्थना ठरलेली, ती सवय अंगात मुरलीय आणि वचनाशिवाय, म्हणजे बायबलमधलं काही वाचल्याशिवाय, दिवस गेला की मला चैन पडत नाही.

अडचण अशी आहे की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर जानेवारीला वर्षभरात बायबल वाचून काढायचा तक्ता देतात, रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच. मॉर्निंग-इव्हिनिंगच्या आठवड्यात नीट चालतं. नाईट लागली की सगळी घडी मोडते, कारण सकाळी आठला हँडओव्हर देऊन घरी पोचेपर्यंत साडेनऊ, मग आंघोळ, दोन घास, झोप, आणि जाग येते तेव्हा मुलं शाळेतून आलेली असतात की मग त्यांचं बघून परत निघायचं. चार-पाच दिवसांचं साठलं की पंधरा अध्याय अंगावर येतात आणि ते लेवीय नाहीतर गणना या जुन्या करारातल्या नियमांच्या आणि याद्यांच्या पुस्तकांमधले असले तर नुसते डोळे फिरतात, आत काही उतरत नाही. पहाटे लवकर उठा असं कृपया सांगू नका, पहाटे मी वॉर्डातच असते.

नाईट करणारे तुम्ही लोक नेमकं कधी आणि काय वाचता? बसमध्ये ऑडिओ बायबल ऐकलं तर ते वाचन धरायचं का? आणि प्रार्थनेचं काय, कारण एखादा पेशंट गेलेला असतो त्या सकाळी गुडघे टेकले तरी तोंडातून शब्द निघत नाही. मनापासून विचारतेय.

---

मास्तर_नगर

सिस्टर, सलाम. मी रिटायर्ड शिक्षक, आधी तक्त्याचा हिशोब सांगतो म्हणजे दोष तुमचा नाही हे लक्षात येईल. बायबलात १,१८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच म्हणजे आठवड्याला २३, बावन्न आठवड्यांत १,१९६. म्हणजे वर्षभरात फक्त सात अध्यायांची सवड, दोन दिवस आजारी पडलं की ती पण संपली. उत्पत्ती ५० आणि निर्गम ४०, जानेवारी संपायच्या आतच लेवीय लागतं, त्याचे २७ आणि गणनाचे ३६. त्यात मोठं धन आहे, बलामाची गाढवी त्यातच, रानातला पितळेचा साप त्यातच ज्याचा दाखला प्रभूने निकदेमाला दिला. पण हा भाग ताज्या डोळ्यांनी वाचायचा आहे, रात्रभर उभं राहून आलेल्या माणसानं नाही. हा तक्ता दिवसा नोकरी करणाऱ्याला समोर ठेवून बनवलाय असं माझं स्पष्ट मत आहे.

नाईटच्या आठवड्यात तक्ता बाजूला ठेवा आणि स्तोत्रं घ्या. स्तोत्र १२० ते १३४, यरुशलेमेला यात्रेला जाताना म्हणायची पंधरा स्तोत्रं, एक १३२ सोडलं तर सगळी लहान. रोज दोन घेतली तर सात रात्रीत चौदा होतात आणि पंधरावं ऑफच्या दिवशी. त्यातलं १२१ तर तुम्हाला पाठच असेल, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही की झोपत नाही. आणि शेवटचं १३४, तीनच वचनं, पण ते कुणाला उद्देशून आहे बघा, परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभे राहून सेवा करणाऱ्यांना. शास्त्रात नाईट ड्युटीवाल्यांसाठी वेगळं स्तोत्र आहे हे मी वर्गात सांगायचो तेव्हा पोलिसांची आणि सिस्टर लोकांची मुलं मान वर करून बघायची.

सवय बसली की मग पूर्ण स्तोत्रसंहिता महिन्याला एकदा होते. आमचं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन झालेलं, त्यात आमच्याकडे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, वळण आलं आणि त्या जुन्या प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं ३० दिवसांत वाटून दिलेली आहेत, पहिल्या तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८, असं. यात मला सगळ्यात आवडतं ते हे की तारीख बघायची आणि आजचं वाचायचं, कालचं राहिलं तर ते पुढच्या महिन्यात येणारच आहे. साठत नाही.

---

तरुणसंघ_कोल्हापूर

मास्तरांशी सहमत. मी शिफ्टमध्येच आहे, कॉल सेंटर, अमेरिकन टायमिंग. माझं म्हणणं थोडक्यात. नव्या कराराचे अध्याय २६०. आठवड्यातले पाच दिवस रोज एक घेतला तर ५२ आठवडे बरोबर २६० होतात, दोन दिवस मोकळे, राहिलेलं त्या दोन दिवसांत येतं. तुमच्या शिफ्टला हे फिट बसतं ताई, ऑफचा दिवस आधीच हिशोबात धरलेला आहे.

आणि साठलेलं वाचायचंच नाही. निर्गम १६ बघा, मान्ना, म्हणजे रानात देवानं दिलेलं अन्न, रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला त्याला किडे पडले, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट. आजचं आज घ्या आणि पुढं चला. अ‍ॅपमध्ये ते सलग दिवसांचं स्ट्रीक दिसतं ना, ते मी नोटिफिकेशनसकट बंद केलंय, कारण आकडा तुटू नये म्हणून रात्री बारा वाजता एक वचन उघडून बंद करायचं, यात प्रभूशी बोलणं कुठं आलं? अ‍ॅप वाईट नाही, मराठी ऑडिओ मी त्याच्यावरच ऐकतो, पण मोजमाप नको.

---

सकाळचा_पहारा

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. वरती सगळे सवलती देत चाललेत. मार्क १:३५ ला प्रभू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून निर्जन ठिकाणी जाऊन प्रार्थना करत होता, आणि ते कधी तर आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं, आजारी बरे करून दमलेला असणार तरी. दानीएल तीन वेळा गुडघे टेकायचा आणि राजाचा मनाई हुकूम निघाला तरी त्याची वेळ बदलली नाही. वेळ ठरलेली असली की माणूस टिकतो, फिरती वेळ म्हणजे आज उद्या करत सुटतं, हे मी मंडळीत पुष्कळ कुटुंबांत बघितलंय.

ऑडिओबद्दल पण माझं मत असं की बसमध्ये हॉर्न, कंडक्टर, शेजारचा फोनवर बोलतोय, त्यात वचन कानावरून जातं. छापील पवित्र शास्त्र, पेन्सिल आणि वही. एक वचन खालून रेघ मारून वहीत स्वतःच्या हातानं उतरवलं की ते दिवसभर सोबत राहतं. फोनवर वाचायला बसलं की वरून मेसेज टपकतात आणि हात तिकडं जातोच. सिस्टरना पहाट जमत नाही हे मान्य, पण मग झोपून उठल्यावर चहाच्याही आधी ही त्यांची सकाळ, ती ठरवून घ्यावी.

---

वसई_कुपारी

नमस्कार मंडळी, मी कॅथलिक, वसईचा. पहारावाल्या भाऊंचं वहीचं एकदम पटलं आणि उठल्यावर पहिलं काम वचन हेही पटलं, घड्याळात दुपारचे तीन वाजले असले तरी उठलेल्या माणसाची ती सकाळच. पण ऐकण्याबद्दल नाही पटत. प्रकटीकरण १:३ मध्ये वाचून दाखवणारा आणि ऐकणारे दोघांनाही धन्य म्हटलंय. नहेम्या ८ मध्ये एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय आणि लोक उभे राहून ऐकतायत, रडतायत. छापखाना येईपर्यंत घरोघरी पुस्तक होतंच कुठं, शेकडो वर्षं बहुतेक ख्रिस्ती माणसं ऐकूनच विश्वासात वाढली. मार्कचं शुभवर्तमान सलग ऐकलं तर दीड तासाच्या आसपास होतं, ताईंचे बसचे दोन-तीन फेरे. फक्त गाणं लावल्यासारखं मागं चालू ठेवायचं नाही, एक अध्याय, मग इअरफोन काढायचे आणि उरलेला रस्ता तेवढंच मनात घोळवायचं.

आणि प्रभू पहाटे उठला तसा लूक ६:१२ मध्ये डोंगरावर अख्खी रात्र प्रार्थनेत होता, बारा प्रेषित निवडायच्या आदल्या रात्री. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते. रात्र पण त्याचीच आहे.

आमच्याकडे काय वाचायचं हा प्रश्न येत नाही कारण मिस्साची, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेची, रोजची वाचनं चर्चनंच ठरवून दिलेली असतात, रविवारची तीन वर्षांच्या चक्रात आणि इतर दिवसांची पहिली वाचनं दोन वर्षांच्या, शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच फिरून येतं, सामान्य काळात, म्हणजे नाताळ-ईस्टरचे काळ सोडून उरलेल्या दिवसांत, आधी मार्क मग मत्तय मग लूक. वसईत आज जे शुभवर्तमान वाचलं तेच रोमला आणि तेच आफ्रिकेतल्या कुठल्यातरी खेड्यात. एकटी बसून वाचणाऱ्या माणसाला याचा फार आधार वाटतो, आपण एकटे नाही, मोठ्या घरातले आहोत. तुम्ही प्रोटेस्टंट असाल तरी त्यातलं फक्त शुभवर्तमान रोज वाचायला काय हरकत आहे, पाच मिनिटांचं असतं.

वाचायची पद्धत पण जुनी आहे, बाराव्या शतकात गुइगो नावाच्या मठवासीनं चार टप्पे लिहून ठेवलेत, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग शांत बसणं. आम्ही उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, असंच करतो, सावकाश दोनदा वाचायचं, एखादा शब्द अडकतो, त्यावर थांबायचं. चार शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय होतात, राखेच्या बुधवारपासून रोज दोन घेतले की ईस्टरच्या आत चारही होतात, पण तो वेग ज्याला सवड आहे त्याचा. एरवी दहा ओळी पुरतात.

संध्याकाळची जपमाळ आमच्या घरी अजून आहे. थकलेल्या दिवशी मला तीच सोयीची वाटते, शब्द शोधावे लागत नाहीत, आजी म्हणते तेव्हा तिचा आवाज आणि बोटाखालून सरकणारा मणी एवढ्यावर मन हळूहळू जागेवर येतं. मंगळवार आणि शुक्रवार दुःखाची रहस्यं, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाचे आणि मरणाचे प्रसंग, असतात, ज्या दिवशी ताई म्हणतात तसं काहीतरी घडलेलं असतं त्या दिवशी ती फार जवळची वाटतात.

---

मेट्रन_मिरज

सिस्टर, तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी नर्सिंगमध्येच आयुष्य काढलंय, तू लहान असशील म्हणून अगंतुगं करते.

प्रार्थना घरी येऊन करायची असं धरून चाललीस म्हणून ती जड जातेय. ती वॉर्डात कर. एका बेडवरून दुसऱ्या बेडला जाताना हँडरब घेतेस ना, नीट चोळायचं तर वीस ते तीस सेकंद लागतात, तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. तेवढ्यात "प्रभू येशू, दया कर" आणि त्या बेडवरच्या माणसाचं नाव. यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा ओरडला होता तेच. यात वेगळा वेळ लागत नाही, कुणाला दिसत नाही, काम अडत नाही. रात्रभरात हात किती वेळा धुतेस तूच बघ, पौल म्हणतो निरंतर प्रार्थना करा, ते मला तरी इथं समजलं. ओठ मात्र हलवायचे नाहीत. पेशंट दुसऱ्या धर्माचा असेल, नातेवाईक आधीच घाबरलेले असतात, त्यांना न विचारता त्यांच्यापुढं प्रार्थना म्हणणं मला बरोबर वाटत नाही. कुणी आपणहून म्हणालं की सिस्टर आमच्यासाठी प्रार्थना करा, तर तिथंच उभं राहून दोन वाक्यं.

पेशंट गेल्यावर जे आपण करतो, लाइन काढणं, ट्यूब काढणं, चिकटपट्टीचे डाग पुसणं, तोंड धुणं, डोळे मिटवणं, केस सारखे करणं, नातेवाइकांना आत सोडायच्या आधी चादर नीट करणं, ते घाईनं उरकू नकोस. शब्द नसतील तर नसू देत. स्तोत्र ३१ मधलं पाचवं वचन मनात म्हण, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो असं आहे, प्रभूनं वधस्तंभावर तेच म्हटलं. तेवढी प्रार्थना त्या माणसासाठी पुरे आहे आणि ती तुझ्या हातांनी झालेली आहे.

मग घरी आल्यावर गुडघे टेकून नवीन शब्द कशाला शोधायचे? रोमकरांस ८:२६ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आपल्याला कशी प्रार्थना करावी कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यानं विनंती करतो. प्रभूची प्रार्थना एकदा सावकाश म्हण आणि झोप. राग आला असेल, रडू येत असेल तर स्तोत्र १३ उघड, कुठवर असं विचारून सुरू होतं. ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, उजेडाची एक ओळसुद्धा शेवटी नाही, तरी ते शास्त्रात ठेवलंय. चर्चमध्ये फक्त आनंदाची साक्ष द्यायची सवय लागल्यामुळे आपल्या पोरींना वाटतं रडून केलेली प्रार्थना म्हणजे विश्वास कमी. तसं नाही गं.

आणि झोप पूर्ण घे. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. होरेबचा डोंगर, जिथं देव त्याच्याशी बोलला, तो त्याच्यानंतर.

---

सकाळचा_पहारा

मेट्रन मॅडम, हँडरबचं वाचून मी आमच्या घरसभेत सांगणार आहे, आमच्यात दोन वॉर्डबॉय आहेत. ठरलेल्या वेळेचं माझं मत तसंच आहे, पण वेळ घड्याळाचीच असली पाहिजे असं नाही, रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली असली तरी ती ठरलेलीच, हे मान्य.

---

नर्स_पुणे

सगळ्यांचे खूप आभार. मेट्रन मॅडम, तुमचं मी स्टाफरूममध्ये बसूनच वाचलं. मास्तर सर, या नाईटला १२० पासून सुरू केलं, हँडओव्हर झाल्यावर चेंजिंग रूममध्ये एक आणि बसमध्ये एक. १३४ मी आमच्या ग्रुपवर पण टाकलं. वही पण घेतलीय, उठल्यावर एक वचन उतरवायचं एवढंच ठेवलंय.

एक राहिलं. मी नाईटला असले की घरची कौटुंबिक प्रार्थना बंद पडते. मिस्टर म्हणतात तू आलीस की करू. मुलगा इंग्लिश मीडियमचा, मराठी पवित्र शास्त्र त्याला अडखळत वाचावं लागतं म्हणून टाळतो, आणि सासूबाईंना इंग्लिश कळत नाही पण त्यांना ऐकायचं असतं. धाकटीला लांबलचक झालं की झोप येते. हे कसं चालवायचं?

---

आई_ठाणे

आमच्याकडे अगदी हेच होतं, सांगते कसं बसवलंय. दहा मिनिटांच्या वर जायचंच नाही. उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, तेही पहिली दोन कडवी. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं असली तर सासूबाईंना पाठ असणार, त्यांनाच सुरू करू द्या, घरातलं गाणं म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात सुरू झालं की मुलं आपोआप मागून म्हणतात. मग एक उतारा, पूर्ण अध्याय नाही. मुलगा त्याच्या इंग्लिश बायबलमधून एक वचन वाचणार, तेच वचन मिस्टर मराठीतून आजीसाठी वाचणार, पुढचं परत मुलगा. दोन्ही भाषांत तेच वचन कानावर पडल्यामुळे थोड्या महिन्यांत मुलाचं मराठी पण सुटतं, आमच्या मुलाचं सुटलं, आता तो मधूनमधून मराठीचा नंबर मागून घेतो. मार्क घ्या, सोळाच अध्याय, घटना भराभर पुढं सरकतात, आठवीतल्या मुलाला कंटाळा येत नाही.

मराठी जड वाटतं याची त्याला लाज वाटू देऊ नका. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबलचं भाषांतर केलं ते साध्यासुध्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यात घातली, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बाहेर आलं, छपाई मुक्तीतल्या मुलीबायांनीच केली. म्हणजे कळेल असं वचन घरात असणं ही चैन नाही, त्यासाठी माणसांनी जन्म खर्च केलेत. आज सोप्या भाषेतलं मराठी भाषांतर फोनवर सुद्धा मिळतं, वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे, मुलाला जे सोपं जाईल ते द्या. सासूबाईंना डोळ्यांचा त्रास असेल तर दुपारी त्यांना ऑडिओ लावून द्या, एक अध्याय संपला की बंद कसं करायचं तेवढं शिकवा.

वाचून झालं की प्रत्येकानं एकच वाक्य प्रार्थना म्हणायची, एका माणसासाठी. मुलं शाळेतल्या मित्राचं नाव घेतात, कुणाचा पाय मोडलाय, कुणाचे बाबा गावाला गेलेत. तुमची नाईट असेल तेव्हा तुमच्या वॉर्डासाठी मुलीला म्हणू द्या, तुम्ही तिकडं असाल आणि इकडं तुमचं नाव घेतलं जाईल. शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना.

आणि तुम्ही आल्यावर करू असं ठेवू नका, मिस्टरांशी बोलून घ्या. एका माणसावर घरची प्रार्थना टांगलेली असली की तो माणूस नसला की ती थांबते. त्यांना पुढं बसायला अवघड वाटत असेल, पुष्कळ पुरुषांना वाटतं, तर सुरुवात मुलाकडं द्या, फक्त वेळेवर सगळ्यांना एकत्र बोलावायचं काम बाबांचं.

धाकटीसाठी एक सांगते. स्तोत्र ११७ ला फक्त दोन वचनं आहेत, पूर्ण बायबलातला सगळ्यात लहान अध्याय. पहिल्या रात्री तोच तिला वाचायला द्या, अख्खा अध्याय एकटीनं वाचला म्हणून दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पुस्तक घेऊन बसेल. मग १३४, मग १३१, मग १३३, तीन-तीन वचनांची आहेत, पहिल्या चार रात्री त्यात निघतात.